खुर्चीखालची अक्षरं

मित्रांनो, मी एक जुनं छापयंत्र आहे. वर्तमानपत्रं छापणारं नव्हे, तसला धडधडाट मला जमत नाही. माझ्यावर चित्रं छापतात, एका वेळी एकच, तेही हाताने चाक फिरवून. दोन जाड रूळ, त्यांच्यामधून सरकणारा लोखंडी तक्ता आणि बाजूला माणसाच्या छातीएवढं चाक, एवढाच माझा संसार. खरं तर मी 'ते यंत्र', पण इथे सगळे मला पैलवान म्हणतात, म्हणून मीही आपला 'आलो, गेलो' असंच बोलतो. कुणाची हरकत नसावी.

लोखंडाला काही वाटत नाही, असं लोक म्हणतात. बरंचसं खरं आहे ते. मी सांगतोय त्यात फार आसवं सापडणार नाहीत, आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म दूरच्या एका देशातल्या ओतशाळेत झाला. लालभडक लोखंड साच्यात ओतलं आणि माझ्या कुशीवर त्या देशाच्या लिपीत चार ओळी उमटवल्या. मग जहाजाच्या पोटात बसून मी इकडे आलो. इथे ती लिपी कुणालाच वाचता येईना. पहिल्या मालकाने मला हिरवा रंग दिला, दुसऱ्याने त्यावर करडा दिला, आणि त्या चार ओळी रंगाखाली बुजून गेल्या. आता बोटाने चाचपलं तरच लागतात. त्यात काय लिहिलं होतं, ते मीही विसरलो. वाईट वाटतं का, असं विचाराल तर, काय सांगू, ठाऊक नाही.

कामाचे दिवस चांगले गेले. मोठमोठे चित्रकार माझ्या चाकाला झोंबले. 'असा दाब दुसऱ्या कुठल्या यंत्राला नाही' असं म्हणत माझ्या पाठीवर थाप मारायचे. मग विजेवर चालणारी यंत्रं आली, माझं कौतुक संपलं, आणि मी एका गोदामात ताडपत्रीखाली गेलो. माझ्यावर रंगाचे डबे रचले होते. एक मांजर माझ्या तक्त्यावर दोनदा व्यायली. त्या काळातलं मला एवढंच आठवतं. बाकी सगळं बधिर होतं.

तिथून मला मास्तरांनी सोडवून आणलं. मास्तर म्हणजे चित्रछपाई शिकवणारे गृहस्थ. तोंडाचे फटकळ, पण हाताचे हळवे. माझा गंज खरवडला, सांध्यांत तेल घातलं, नवा नमदा आणला. नमदा म्हणजे लोकरीचं जाड कापड. ते कागदावर घालतात, म्हणजे माझा दाब कागदाला सोसतो. गल्लीच्या मागच्या बाजूची लांबट खोली, उंचावर खिडक्या, एक मोरी, आणि छाप वाळत घालायला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या. तेव्हापासून मी इथेच आहे.

आणि इथेच काजळी आली. शिकायला आली त्या पहिल्याच दिवशी तिने गालाला, नाकाला, कानाच्या पाळीलासुद्धा शाई फासून घेतली, म्हणून ती काजळी. तिचं खरं नाव मास्तरांच्या जिभेवर बसत नसे. तिला स्वतःला तरी ते आईसारखं म्हणता येत होतं की नाही, शंकाच आहे. शिकणारी पोर होता होता ती मास्तरांच्या हाताखालची कारागीर झाली, केसांत एक-दोन पांढरे आले, पण नाव काजळीच राहिलं.

तिची आई लग्न होऊन दूरच्या देशातून इकडे आली होती. बाप लवकर गेला. आई घरी शिवणकाम करायची. काजळी लहान असताना शाळेतल्या बाईंनी आईला बोलावून सांगितलं, 'घरीसुद्धा मुलीशी इथलीच भाषा बोला हं, नाहीतर मागे पडेल ती.' आईने त्यातला शब्दन् शब्द पाळला. गिऱ्हाइकांची मापं घेता घेता ती मोडकीतोडकी इथली भाषा शिकली आणि लेकीशी तीच बोलली. घरची भाषा उरली ती हाकेपुरती. ये, जेव, नीज, पुरे झालं आता, असं घरात येता-जाता रोज कानावर पडणारं. आणि राग आला की चार शिव्या. काजळीला घरच्या भाषेतलं एवढंच यायचं. लिपी तर तिच्या वाटेलाच आली नाही.

हे सगळं मला कसं ठाऊक, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, चाक फिरवताना माणसं बोलतात. यंत्राला कान असतील असं त्यांच्या मनातही येत नाही.

एका सकाळी काजळी आली, पाठीवरची पिशवी खुंटीला लावली आणि पत्रा पुसायला घेतला. चित्र कोरलेल्या पत्र्यावर शाई चोळायची आणि वरची शाई पुसून काढायची, म्हणजे ती फक्त कोरलेल्या रेघांत राहते. हे पुसणं फार जपून करावं लागतं. ती पुसता पुसताच म्हणाली, "आईची इथली भाषा गेली, मास्तर."

"गेली म्हणजे?"

"म्हणजे गेली. झटका आला ना मेंदूला, त्यात पुसली गेली. मागाहून शिकलेलं आधी जातं म्हणे. आता ती फक्त घरचं बोलते."

"मग तू काय करतेस?"

"मान हलवते."

तिच्या आवाजात काही म्हणजे काही नव्हतं. तो आवाज मी ओळखतो. ताडपत्रीखाली मी तसाच होतो.

पुढे हळूहळू सगळं कळलं. आईचा डावा पाय लुळा पडला होता, उजवा हात शाबूत होता. डॉक्टर येऊन तिच्याकडून रेघा काढून घ्यायचे, तिचं नाव लिहून घ्यायचे, आणि काजळीला म्हणायचे, 'हातावर लक्ष ठेवा, आजार हातात उतरला तर लिहिण्यात आधी दिसेल.' आईला त्यांचं बोलणं कळत नव्हतं, पण भीती कळायला भाषा लागत नाही. डॉक्टर गेले की ती हात उलटापालटा करून बघत बसायची.

सुरुवातीला आई खूप बोलायची. भराभरा, मन भरून. काजळीला त्यातला एखादा शब्द सापडायचा, बाकीचं डोक्यावरून जायचं. ती हो हो करायची. आई भोळी नव्हती. लेकीचं हो खोटं आहे, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने बोलणं बंद केलं. घरात दोघी मायलेकी, आणि तोंडाला कुलूप.

मग एकदा काजळीने घरी एक पत्रा नेला. आमच्याकडे पत्र्यावर मेणाचा काळा थर देतात आणि सुईने त्यावर चित्र काढतात. जिथे मेण खरवडलं जातं तिथे पुढे आम्लाच्या पाण्यात खोल रेघ पडते. बोलायला काही नाही म्हणून पलंगाशेजारी उभ्या उभ्या तिने समोरची रिकामी खुर्ची पत्र्यावर काढली. आईने थोडा वेळ पाहिलं, हात पुढे केला, लेकीच्या हातून सुई घेतली आणि खुर्चीखाली आपल्या लिपीत काहीतरी लिहून दिलं.

"मला शब्द शिकवतेय ती," दुसऱ्या दिवशी काजळी म्हणाली. "मी वस्तू काढायची, ती खाली तिचं नाव लिहिणार."

"झकास!" मास्तर म्हणाले. "आणखी ने पत्रे."

मग झाकण असलेलं पातेलं आलं, चपलांचा जोड आला, खिडकी आली, छत्री आली. प्रत्येक चित्राखाली आईची अक्षरं. शिंपिणीचा हात तो, टाके घातल्यासारखी सारखी अक्षरं. काजळीने कुणाकडून ती वाचून घेतली नाहीत. त्यांच्या भाषेची माणसं शहरात होती, पण विचारायला गेलं की ती आधी म्हणणार, 'अगं बाई, तुला येत नाही?' आणि विचारायचं तरी काय? खुर्चीखाली खुर्चीच असणार.

पत्रे आम्लातून निघाले, शाई बसली, माझ्या रुळांखालून गेले. छाप सुंदर आले.

आता इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. पत्र्यावर जे डावीकडे असतं ते कागदावर उजवीकडे येतं. शाईची बाजू कागदाला चिकटते, त्यामुळे दुसरं काही होणं शक्यच नाही. खुर्ची उलटी झाली तरी खुर्चीच राहते, तिचं काही बिघडत नाही. अक्षरांचं बिघडतं. म्हणून चित्रात अक्षरं असली की आमच्याकडे ती पत्र्यावर उलटी कोरतात, आणि भिंतीवरच्या आरशात धरून चारचारदा तपासतात. नवख्या पोरांच्याही हे अंगवळणी पडलेलं असतं.

आईची अक्षरं कुणीच आरशात धरली नाहीत. मास्तरांनी नाही, काजळीने नाही. ती अक्षरं आहेत हे दोघांना ठाऊक होतं, पण दोघांनी ती नक्षी म्हणूनच पाहिली.

वर्षातून एकदा आमच्या खोलीत छाप टांगून लोकांना बोलावतात. त्या वर्षी मधल्या दोरीवर काजळीची चित्रं होती. लोक माझ्याभोवती कोंडाळं करून उभे होते. एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, "काय वळण आहे हो या लिपीला! पाणी वाहतंय जसं काही." एका बाईंनी विचारलं, "याचा अर्थ काय?" काजळी म्हणाली, "वस्तूंची नावं आहेत." "म्हणजे तुम्ही दोन्ही भाषांत जगता. किती श्रीमंत अनुभव!" काजळीने मान हलवली. आईपुढे हलवायची तशीच.

दुपारनंतर ती आईला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. आईने ठेवणीतला झगा घातला होता, केस नीट विंचरले होते. काजळीने खुर्ची थेट चित्रांसमोर नेली. आई पुढे झुकली. मी तिच्या अगदी समोर होतो, मला तिचा चेहरा दिसत होता. आधी तिने भुवया जवळ आणल्या. मग पातेल्याकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं, एकेक करत सगळ्या चित्रांकडे पाहिलं. शेवटी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. आणि तो हात मांडीखाली घालून त्यावर बसली.

लोक टाळ्या वाजवत होते. काजळी खाली वाकून विचारत होती, "आवडलं? आई, आवडलं?" आईला यातलं काही कळत नव्हतं. ती समोर बघत होती, आणि समोर मी होतो.

त्यानंतर आईने सुईला हात लावला नाही. काजळी पत्रा पुढे करायची, आई मान फिरवायची. बोलणं आधीच बंद होतं, आता लिहिणंही गेलं. काजळी कामावर यायची, पुसायची, छापायची, जायची. खूप दिवस असेच गेले. चित्रं लोकांना आवडली होती, मागणी होती, पण तिने नवा पत्रा घेतला नाही.

शेवटी मास्तरांनीच विषय काढला. "काय गं, आईची चित्रं बंद का?"

"रागावलीय बहुतेक. घरातलं लोकांसमोर टांगलं म्हणून असेल. उजवा हात मांडीखाली घालून बसते, मास्तर. दिवसभर. जेवतेसुद्धा डाव्या हाताने."

"रागावलेलं माणूस हातावर कशाला बसेल?"

मास्तर उठले. खुर्चीचा छाप दोरीवरून काढला आणि माझ्या तक्त्यावर पसरला. मग काजळीचा सुयांचा डबा ओढला. तो डबा मूळचा आईचा, बटणांचा. झाकणावर आईच्या हातची जुनी चिठ्ठी डकवलेली होती. मास्तरांनी डबा छापाशेजारी ठेवला, नाक कागदाला टेकेल इतकं वाकले आणि तसेच राहिले.

"ही शेपटी बघ," ते म्हणाले. "डब्यावरच्या अक्षराची उजवीकडे जातेय. आणि हे तेच अक्षर ना? याची डावीकडे."

काजळीने भिंतीवरचा आरसा काढून आणला. आरशात शेपटी उजवीकडे गेली.

"कप्पाळ माझं!" मास्तर खाली बसले. "इतकी वर्षं पोरांना आरसा आरसा करून ओरडतोय मी. उलटं छापलं गं आपण. सगळंच्या सगळं उलटं."

काजळी हळूच म्हणाली, "तिला वाटलं, तिचाच हात उलटा चालला. डॉक्टर म्हणत होते तसं." आणि ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, माझ्या चाकाला धरून. मी काही करू शकत नव्हतो. चाक तेवढं थोडं फिरलं.

आता आईला सांगायचं कसं? काजळीजवळ घरच्या भाषेतले शब्द होते ते ये आणि जेव. उलटं, छाप, पत्रा, चूक कुणाची, हे कुठून आणायचं? मास्तर म्हणाले, "तोंडाने सांगू नकोस. दाखव. आण तिला इथे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आईला घेऊन आली. आईला वाटलं असेल डॉक्टरांकडे चाललोय, ती अंग चोरून बसली होती. काजळीने खुर्चीचा पत्रा तिच्या मांडीवर ठेवला. आईने आधी पाहिलंच नाही. मग डाव्या हाताचं बोट रेघांवरून फिरवलं. बोट थांबलं, मागे आलं, पुन्हा फिरलं. पत्र्यावर तर सगळं सरळ होतं, तिने लिहिलं होतं तसंच.

काजळीने पत्रा घेतला, तिच्यासमोर शाई चोळली, पुसली, तक्त्यावर ठेवला, वर ओलसर कागद, वर नमदा. मग आईचा उजवा हात मांडीखालून ओढून काढला आणि माझ्या चाकावर ठेवला. तो हात गार होता. मायलेकींनी मिळून चाक फिरवलं. मी जपून दाबलं. काजळीने कागद उचलला आणि पत्र्याशेजारी धरला.

आईने पत्रा पाहिला. कागद पाहिला. पुन्हा पत्रा, पुन्हा कागद. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आणि त्याच उजव्या हाताने माझ्या कुशीवर अशी सणसणीत चपराक ठेवून दिली की खिडकीतलं कबूतर उडालं. वर तोंडाचा पट्टा सुरू.

"शिव्या देतेय का पैलवानाला?" मास्तरांनी विचारलं.

"हो." काजळी डोळे पुसत हसत होती. "एवढ्या मला कळतात."

मित्रांनो, आयुष्यात माझ्या पाठीवर पुष्कळ थापा पडल्या, चपराक ही पहिलीच. मला फार बरं वाटलं. अगदी मनापासून सांगतो.

आई स्वतःचा हात मिटून उघडून बघत होती. तेवढ्यात मास्तरांना काहीतरी सुचलं. त्यांनी छापाची शाई ओली आहे तोवर त्याच्यावर कोरा कागद ठेवला आणि दोन्ही मिळून माझ्यातून काढले. ओल्या छापाचा असा दुसऱ्या कागदावर छाप घेता येतो. तो फिका येतो, पण उलटं झालेलं पुन्हा सरळ होतं. मास्तरांनी तो आईसमोर धरायच्या आधीच काजळी म्हणाली, "थांबा. सगळ्यांचे काढू." खुर्चीचा फिका छाप बाजूला ठेवला आणि एकेक पत्रा घेतला.

पातेल्याचा फिका छाप आईने उजेडाकडे धरला आणि मोठ्याने वाचला. काजळीच्या हातातली चिंधी थांबली.

"काय झालं?" मास्तर म्हणाले. "पातेलंच ना?"

"नाही. 'जेवलीस का?' असं लिहिलंय."

आईने चपला वाचल्या. काजळी म्हणाली, "'इतक्यात निघालीस?'" खिडकी वाचली. "'अंधार पडायच्या आत ये.'" छत्री वाचली. काजळीने चिंधी खाली ठेवली. "'भिजू नकोस.' मास्तर, ही नावं नाहीतच. ती माझ्याशी बोलत होती. सगळं मला येणारं लिहिलंय. एक शब्द असा नाही, जो मला येत नाही."

काजळीला घरच्या भाषेतले मोजकेच शब्द यायचे, आणि आईला ते कुठले हे पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यांतच तिने काम भागवलं होतं. आणि आम्ही ते दोरीवर उलटं टांगून टाळ्या घेतल्या.

मास्तरांनी खुर्चीचा छाप आईच्या हाती दिला. तिने तो वाचला नाही, खाली ठेवला. लेकीकडे बघून दोनच शब्द बोलली.

मास्तरांनी विचारलंच, "काय म्हणाली?"

"'बस जरा,'" काजळी म्हणाली.

आणि ती बसली. कागदाच्या खोक्यावर, शाईने माखलेल्या हातांनी, आईच्या गुडघ्याशी. आई तिच्याशी बोलू लागली. आधी हळू, एकेक शब्द सुटा करून. काजळीने मान हलवली नाही. कळलं नाही की म्हणत होती, "कळलं नाही, पुन्हा सांग." हे ती इथल्या भाषेत म्हणत होती, आईला ते कळत नव्हतं, तरी आई पुन्हा सांगत होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांना तेल घाला, गंज चढू देऊ नका, एवढंच मागून मी थांबायचो. पण आज आणखी एक मागतो. तुमच्या घरातलं कुणी, कुठल्याही भाषेत, 'बस जरा' म्हणालं, तर हातातली चिंधी खाली ठेवा आणि बसा. सगळं कळलंच पाहिजे असं नाही. नुसती मान मात्र हलवू नका.